पाहुण्यांचे कप

मेव्हिस ऑर्मरॉडला कुणीही, कधीही विचारलं, "काय गं, कसं काय?" तर उत्तर ठरलेलं होतं. "चाललंय आमचं. मजेत." कापडगिरणी बंद पडल्यावर तिचा नवरा सिड वर्षभर खुर्चीत बसून भिंतीकडे बघत होता, तेव्हाही मजेत. तो छातीच्या दुखण्याने गेला, दफनाहून परतताना पाद्रीबाबांनी तिचा हात धरून चौकशी केली, तेव्हाही "चाललंय हो आमचं" आणि वर त्यांनाच, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत की नाही?" यात नवल काहीच नाही. इंग्लंडातल्या आमच्या ऑल्डरशॉमध्ये सगळी माणसं अशीच. इथे पाय मोडून रस्त्यात पडलेला माणूससुद्धा उचलायला येणाऱ्याची आधी माफी मागतो. पण मेव्हिसने ही सवय कुळाचारासारखी पाळली, आणि त्याला कारण होतं. कारणाचं नाव नेव्हिल.

नेव्हिल जन्मला तेव्हा इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी सिडला बाजूला घेतलं होतं. "हे मूल कधी शहाणं व्हायचं नाही. टेकडीवरच्या संस्थेत ठेवा आणि विसरून जा. दुसरं होईल." टेकडीवरची संस्था म्हणजे विटांची लांबलचक इमारत. तिथे गेलेलं पोर परत आलेलं गावात कुणी पाहिलं नव्हतं. मेव्हिसच्याच आळीतल्या एका बाईचा मुलगा असा गेला. नगरपालिकेची बाई घर बघायला आली, तिला मोरीत साचलेली भांडी दिसली, आई डोळे पुसताना दिसली. तिने मान हलवली, आणि थोड्याच दिवसांत दाराशी गाडी आली. मेव्हिसने ते आपल्या खिडकीतून पाहिलं होतं, कडेवर नेव्हिलला घेऊन.

त्या दिवसापासून तिला एक गोष्ट पक्की कळली. नगरपालिकेचं माणूस यायचं असलं की घर आरशासारखं हवं. दाराची पायरी घासायची, पडदे धुवायचे, लग्नात मिळालेले निळ्या काठाचे कप कपाटातून काढायचे. हे कप घरातल्यांसाठी नव्हतेच, ते पाहुण्यांचे. नेव्हिलचे केस पाणी लावून चापून बसवायचे, गळ्यात सिडचा टाय. आणि येणाऱ्याने विचारलं, "जमतंय ना तुम्हाला, मिसेस ऑर्मरॉड?" की बशीत बिस्किट ठेवत म्हणायचं, "जमतंय की." असा तिने पोरगा राखला. खोटं बोलून राखला म्हणा हवं तर. मी त्याला खोटं म्हणायला तयार नाही.

संस्था पुढे बंद झाली, डॉक्टर मेले. नेव्हिल पन्नाशी ओलांडून गेला. आडव्या बांध्याचा, टक्कल पडलेला, चेहरा मात्र लहान मुलाचा. शब्द त्याच्याकडे मोजकेच होते, पण कळायचं सगळं. आठवड्यातले चार दिवस तो फर्न रोडच्या केंद्रात जायचा. त्याच्यासारखी बरीच मोठी माणसं दिवसभरासाठी तिथे येत. कुणी कुंड्यांना पाणी घालायचं, कुणी रंगकाम करायचं. नेव्हिलकडे जेवणाची टेबलं होती. काटे-चमचे मांडायचे, प्रत्येकापुढे ज्याचा त्याचा कप ठेवायचा, आणि सगळ्यांचे कप रिकामे होईपर्यंत जागचं हलायचं नाही, मग ते गोळा करायचे. हा तिथला नियम, आणि नेव्हिल नियमाचा पक्का. घरी तो आईचा लेक होता, रस्त्यावर तो "बिचारा" होता. फर्न रोडवर त्याचं अडलं की तीसेक माणसांचा चहा अडायचा.

सकाळी तो कोट घालून खिडकीत उभा राहायचा. पांढरी बस आली की ड्रायव्हर इक्बाल खाली उतरून हाक द्यायचा, "काय नेव्ह, कसा आहेस?" आणि नेव्हिल दोन्ही अंगठे वर करून ओरडायचा, "झकास! झकास आमचं!" अख्ख्या आळीला ऐकू जायचं.

"बघा मेव्हिस आंटी," इक्बाल म्हणायचा, "गावात एक तरी माणूस खूश आहे."

दार लागल्यावरचं घर कुणाला ठाऊक नव्हतं. नेव्हिल रात्री उठून फिरायचा. अंथरूण ओलं व्हायचं, आणि त्या धिप्पाड देहाखालची चादर बदलताना मेव्हिसची पाठ मोडून यायची. ती स्वतः पंच्याहत्तरीला आलेली. कधी दचकला की त्याचा हात सुटायचा. द्वाडपणा नव्हता त्यात, भीती होती, पण हात वजनदार. एका हिवाळ्यात तिचं मनगट प्लॅस्टरमध्ये होतं. बर्फावरून घसरले, असं तिने सगळ्यांना सांगितलं, आणि सगळ्यांनी मानलं. चार दिवस तो केंद्रात जायचा, म्हणून ती झोपायची, म्हणून दोघं टिकून होती. इतका साधा हिशेब होता.

मग लंडनहून नगरपालिकेला येणारा पैसा आटला आणि कात्री निघाली. कात्रीला कात्री म्हणतील तर ते साहेब कसले? फर्न रोड बंद करणार असं कुणी म्हणेना. "सेवांची पुनर्रचना" म्हणत, "समाजाच्या अधिक जवळ" म्हणत. लोकांचं मत ऐकायला चर्चच्या हॉलमध्ये सभा ठेवली. पुढे नगरसेवक गॉर्डन हॉल्डन बसले होते. मेव्हिस मागच्या रांगेत, तिच्याशेजारी जॉयस. जॉयसची मुलगी सँड्रा चाकाच्या खुर्चीत, तीही केंद्रातलीच.

"ही मंडळी चार भिंतींत का कोंडायची?" हॉल्डनसाहेब सांगत होते. "ती समाजात मिसळतील. लायब्ररीत जातील."

जन्मात कधी सभेत न बोललेली मेव्हिस उभी राहिली. "लायब्ररीत? ती तर तूच गेल्या वर्षी बंद केलीस, गॉर्डन."

हॉल हसला. साहेबांनी टाय सैल केला. "मेव्हिस, हे बघा, पैसेच नाहीत. नळच बंद झालाय वरून."

"मग टाऊन हॉलपुढचं कारंजं कशावर उडतंय? तुझ्या थापांवर? तुझी आई नि मी बिस्किटांच्या कारखान्यात एकाच सरकत्या पट्ट्यापाशी उभ्या राहायचो. तुझं नाक पुसलंय मी ह्या हातांनी. माझ्याशी कागदी बोलू नकोस. नेव्हिल दुपारी जाणार कुठे, तेवढं सांग."

साहेबांनी हातातले कागद चाळले आणि दुसऱ्याचा प्रश्न घेतला. दुसऱ्या दिवशी मेव्हिसने जुन्या चादरीवर लाल रंगाने "फर्न रोड आमचा" लिहिलं आणि सह्या गोळा करायला बाजाराच्या चौकात टेबल मांडलं. त्या हिवाळ्यात प्रत्येक शनिवारी ती तिथे होती. जॉयस थर्मासमधून चहा ओतायची, इक्बालची बायको समोसे पाठवायची, आणि नेव्हिल येईल त्याच्या हातात कप द्यायचा. सही न करता कुणी पुढे सरकला की मेव्हिस त्याच्या खानदानासकट त्याला ओळखायची. "काय रे, तुझी आजी होती ना चार वर्षं अंथरुणाला? तिला आंघोळ घालायला कोण यायचं, नगरपालिकेचीच बाई ना?" माणूस निमूट परत यायचा. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला, तोंड उघडलेला. जॉयस म्हणाली, "अगं, किती भांडखोर दिसतेस." मेव्हिस म्हणाली, "उशिरानेच दिसायला लागले." त्या दिवसांत ती खरोखर सुखी होती. मजेत आहे असं सांगायची गरज पडत नव्हती.

वसंत आला तेव्हा टाऊन हॉलमध्ये ठराव झाला. वरच्या गॅलरीत चादर घेऊन ही सगळी बसलेली. केंद्र बंद होणार नाही, असं हॉल्डनसाहेबांनी वाचलं आणि गॅलरीत एकच आरडाओरडा झाला. जॉयस रडली. नेव्हिलने दोन्ही अंगठे वर केले. पुढचं वाक्य त्या गोंधळात बुडालं. मेव्हिसने ते ऐकलं. केंद्र निम्मं राहणार होतं, आणि ज्यांची गरज सर्वांत मोठी त्यांनाच जागा मिळणार होती. कुणाची किती मोठी, ते ठरवायला घरोघरी पाहणी होणार होती. बाहेर सगळी व्हिनेगर घातलेल्या चिप्स खात होती, तेव्हा तिने आपला पुडा नेव्हिलच्या हातात दिला.

पण ती मेव्हिस होती. तिने एकेका आईला गाठून पढवायला सुरुवात केली. जॉयसच्या स्वयंपाकघरात तर तिने दम भरला. "पाहणीवाली आली की वाईटातला वाईट दिवस सांगायचा. रात्र सांग, लंगोट सांग, तू जिन्यात बसून रडतेस ते सांग. घर आवरू नकोस. आणि देवाच्यान, चांगले कप काढू नकोस."

"मला नाही गं जमणार," जॉयस म्हणाली. "परक्या पोरीपुढे अब्रू वेशीवर टांगायची?"

"अब्रू घाल चुलीत. सँड्राची जागा जाईल."

पाहणीवाली आली त्या दिवशी जॉयसने सँड्राला शेजारणीकडे पाठवलं, दार लावलं, आणि सगळं ओकली. सँड्राची जागा राहिली.

पाहणीवाली तिच्याकडे यायच्या आदल्या दिवशी मेव्हिस सकाळी उठली ती मनाशी ठरवून, की आज कशाला हात लावायचा नाही. मग म्हटलं, निदान मोरी तरी. मोरीनंतर फरशी. दुपारी ती गुडघे टेकून पायरी घासत होती. तिला आपण काय करतोय ते कळत होतं हो, न कळायला ती खुळी नव्हती. पण हात थांबत नव्हते. पन्नास वर्षांपूर्वी आळीत उभी राहिलेली गाडी तिला अजून दिसत होती. घर घाण दिसलं की पोरगा नेतात, हे तिच्या हाडात मुरलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाहणीला केली नावाची पोरगी आली. बिचारी वाईट नव्हती, दमलेली होती. निळ्या काठाच्या कपात चहा, बशीत बिस्किटं, समोर टाय लावलेला नेव्हिल, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला.

"रात्री झोपतो का नीट?"

नेव्हिल आईकडे बघत होता. ऐकत होता. "झोपतो की," मेव्हिस म्हणाली.

"आंघोळ वगैरे?"

"आमचं जमतं."

"मिसेस ऑर्मरॉड, खरं सांगा हं. तुम्हाला कशाची मदत हवी का?"

"चाललंय गं आमचं, पोरी. अजून एक बिस्किट घे ना, तू किती वाळलीस."

केलीला खरंच तसं वाटलं, आणि का वाटू नये? तिने दिवसभरात पाहिलेलं ते सर्वांत नीटनेटकं घर होतं. काही दिवसांनी तिचा फोन आला. नेव्हिलची गरज मध्यम ठरली होती. घरी सगळं छान चाललंय, तेव्हा केंद्रातली जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. मेव्हिस म्हणाली, "थँक यू, पोरी." फोन ठेवला आणि मग तिला कळलं, की आपण आभार मानले.

सोमवारी नेव्हिल कोट घालून खिडकीत उभा राहिला. बस आली. इक्बालने वेग कमी केला, खिडकीकडे पाहिलं, आणि सँड्राला घ्यायला पुढे गेला. संध्याकाळी तो मुद्दाम घरी आला. "आंटी, मला थांबायला मनाई आहे हो. शपथेवर सांगतो, माझ्या हातात असतं तर..." मेव्हिसने त्याला पुरतं बोलूही दिलं नाही. म्हणाली, "तुझा काही दोष नाही. आमचं जमेल." नेव्हिल दुपारपर्यंत कोट घालून उभा होता. मंगळवारीही. मग तो दुपारी घरातले सगळे कप काढून टेबलावर मांडू लागला, एक सँड्राचा, एक केंद्रातल्या म्हाताऱ्या फ्रँकचा, कप संपले की वाट्या, पेले. मांडून, पाणी भरून खुर्चीत बसायचा आणि माणसं यायची वाट बघायचा. कुणाचा कप रिकामा होत नाही म्हणून उठायचाही नाही. मेव्हिस एकेका कपातलं पाणी ओतून "फ्रँकचा झाला हं" म्हणायची, तेव्हा कुठे तो हलायचा.

रात्री वाईट होत गेल्या. झोप नाही म्हणून तो चिडायचा, चिडला की हात सुटायचा. तिच्या हनुवटीवरचा काळा डाग जॉयसला बाजारात दिसला.

"कपाटाचं दार लागलं," मेव्हिस म्हणाली.

"लाज नाही वाटत?" जॉयस भर चौकात ओरडली. "मला काय शिकवलंस? अब्रू चुलीत घाल म्हणालीस ना? मी घातली. माझी घालून घेतलीस आणि स्वतःची कपाटात इस्त्री करून ठेवलीस! आमच्यासाठी सबंध हिवाळा उभी राहिलीस आणि त्या पोराला बुडवलंस."

इतकं कडू तिला आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. ती तशीच टाऊन हॉलमध्ये गेली आणि गॉर्डनसमोर उभी राहिली. या वेळी त्याचं नाक पुसल्याचं वगैरे काही काढलं नाही. "मी खोटं बोलले, गॉर्डन. पुन्हा माणूस पाठव." गॉर्डनने टेबलावरचं पेन फिरवलं. मग म्हणाला, "एकदाच पाठवता येईल. नीट सांगा बरं का, मेव्हिस."

या वेळी तिने खरंच काही आवरलं नाही. ओली चादर जिन्याच्या कठड्यावर, भांडी मोरीत, नेव्हिलची दाढी वाढलेली. हात घट्ट मांडीखाली दाबून ती सकाळपासून बसून होती. जॉयसकडे नेव्हिलला सोडायचं ठरलं होतं, पण रात्रभर जागलेला तो दारातून बाहेर पडायलाच तयार झाला नाही. बेल वाजली. केली आत आली, तिने चादर पाहिली, हनुवटी पाहिली, आणि वही उघडून बसली. मेव्हिसने तोंड उघडलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार पायाने ढकलून नेव्हिल आला. हातात ट्रे. ट्रेवर निळ्या काठाचे कप, बशीत बिस्किटं गोल मांडलेली. गळ्यात त्याने सिडचा टाय अडकवला होता, न बांधता, नुसता टाकलेला. पाहुणे आल्यावर काय करायचं ते त्याला जन्मभर शिकवलं होतं आणि आईला आज विसर पडला होता, तर तो होता. एक थेंब न सांडता त्याने केलीपुढे कप ठेवला.

"वा! कसा आहेस नेव्हिल?" केलीने विचारलं.

"झकास," नेव्हिल म्हणाला. "झकास आमचं. जमतंय."

केली हसली. "घरात बरीच मदत करतोस की तू."

"नेव्ह, राजा," मेव्हिस म्हणाली, "जरा आत जाऊन टीव्ही बघ."

नेव्हिलने मान हलवली. पाहुणीचा कप भरलेला होता. तो खुर्चीत बसला, गुडघ्यांवर हात ठेवून. कप रिकामा झाल्याशिवाय तो उठणार नव्हता, आणि केली चहा पीत नव्हती, ती मेव्हिसकडे बघत होती.

मेव्हिसने सांगितलं. त्याच्यासमोर सांगितलं. तो रात्री अंथरूण ओलं करतो आणि मला उचलवत नाही. त्याला मी धुते, अजून धुते, आणि कधी कधी मला किळस येते. हे दार नाही, हा त्याचा हात आहे. मनगटही त्यानेच मोडलं होतं, बर्फाने नाही. मला त्याची भीती वाटते. मला रोज सकाळी वाटतं की आज मी उठूच नये. आमचं जमत नाही. कधीच जमत नव्हतं. एकेक शब्द ती अशी बोलत होती की दात उपटून टेबलावर ठेवावेत. नेव्हिलकडे तिने पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबली असती.

केलीचे डोळे भरले. तिने चहा एका घोटात संपवला, का कोण जाणे. नेव्हिल उठला. त्याने तिचा कप उचलला आणि आत जाऊन धुतला. नळ बराच वेळ चालू होता.

जागा परत मिळाली. चार नव्हे, दोन दिवस. बाजारात लोक म्हणाले, मेव्हिस जिंकली. जॉयसने मिठी मारली. लाल अक्षरांची ती चादर जॉयसने घडी करून ठेवली आहे, पुढच्या कात्रीला लागेल म्हणून, आणि ती लागणारच.

परत जायच्या पहिल्या सकाळी नेव्हिल कोट घालून खिडकीत होता. बस दाराशी थांबली. इक्बाल उडी मारूनच उतरला. "आला रे आमचा माणूस! काय नेव्ह, कसा आहेस?"

नेव्हिलने अंगठे वर केले नाहीत. तो वळला आणि आईकडे बघत उभा राहिला. काय सांगायचं ते ती सांगेल म्हणून वाट बघत.

"सांग की रे," इक्बाल म्हणाला.

तो बघतच राहिला. मेव्हिसचे ओठ हलले, पण जन्मभर तोंडात बसलेलं ते 'चाललंय आमचं' काही बाहेर आलं नाही, आणि दुसरे शब्द तिच्याकडे नव्हते. शेवटी इक्बालनेच त्याला हात देऊन बसमध्ये चढवलं आणि दार ओढून घेतलं. आता आठवड्यातून दोनदा असंच होतं. इक्बाल विचारतो, नेव्हिल आईकडे बघतो.